देठाच्या मधोमध

माझ्या गळ्यात एक भिंग असतं. काळ्या दोरीत ओवलेलं, नाण्याएवढं. गावात नवीन आलेल्या माणसाला वाटतं, हा घड्याळं दुरुस्त करत असावा. जुनी माणसं त्याला सांगतात, छे, हे आपले ताली मास्तर, शाळेत गाणं शिकवायचे, आता चिखलात बसतात. यातलं काहीच खोटं नाही. तालीवाल्दिस हे माझं पूर्ण नाव, पण ते उच्चारण्याइतका वेळ गावात कुणी माझ्यावर घालवत नाही.

बसण्याचा चिखलही ठरलेला आहे. ओरिनोकाच्या घरामागे वाफेची न्हाणी आहे, न्हाणीमागे ओढा, ओढ्यावर दोन फळ्यांचा पूल, आणि पलीकडे वाळुंजांच्या बुंध्यांशी सदा ओली असणारी एक पट्टी. मे महिन्यात तिथं शेवाळातून फिकट जांभळी फुलं डोकं वर काढतात. अंगठ्याच्या नखाएवढी. मान जराशी खाली, आणि खालच्या पाकळीवर गडद रेघा, जणू कुणी बारीक टाकानं काहीतरी लिहायला घेतलं आणि लाजून अर्ध्यात सोडलं. ही व्हायोलेट, एवढं कुणीही सांगेल. कुठली व्हायोलेट, ते मी गेली कितीतरी वर्षं सांगणार आहे.

आमच्या ओल्या रानात या घराण्यातल्या तिघी बहिणी राहतात. थोरली नदीकाठी असते. रंगानं गडद, अंगानं भरलेली, आणि पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी पंखासारखी कड. तिला ओळखायला भिंग लागत नाही, तिला स्वतःलाच ओळख द्यायची हौस आहे. धाकट्या दोघी मात्र अशा सारख्या की त्यांची आईही हाक मारताना चुकेल. एकीचं पान खालून गुळगुळीत, दुसरीच्या पानाखाली बारीक लव. एकीला तीन-चार पानं, दुसरीला बहुधा दोनच. आणि खरी खूण म्हणजे फुलाच्या देठावरची दोन इवली टोकदार पानं, तिळाच्या दाण्याहून बारीक. ती देठाच्या मध्याखाली असली तर गुळगुळीत बहीण, मध्याच्या वर असली तर लव असलेली. मध्य कसा काढायचा? देठाचं डोकं त्याच्या पायाला टेकवून दुमडायचं. जिथं वळतो तो मध्य.

दुमडताना देठ मोडतो, हे पुस्तकात लिहिलेलं नाही. ते मी शोधून काढलं.

पहिल्या वर्षी तर मी थोरलीच सापडली म्हणून गावभर सांगत सुटलो होतो. पानाच्या देठाला पंखाची कड स्वच्छ दिसत होती. शहरातून एक विद्वान बाई गाडी करून आल्या, गुडघ्यांवर बसल्या, आणि नखानं ती कड अलगद सोलून माझ्या तळहातावर ठेवली. ओलं गवताचं पातं होतं, चिकटलेलं. घरी जाताना बाईंनी मला स्वतःकडचं जुनं भिंग भेट दिलं. तेच हे.

तेव्हापासून दर मे महिन्यात मी येतो, पूल ओलांडतो, चिखलात बसतो, एखादा देठ मोडतो आणि निकाल पुढच्या वर्षावर टाकतो. एका वर्षी पानं दोन भरली तर दुसऱ्या वर्षी तीन. एकदा लव दिसली, पण ती माझ्या पापणीचा केस निघाला. हे सगळं मी गंभीरपणे करत असे. ओरिनोका न्हाणीच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत असे, आणि मी फुलाकडे बघत असे, आणि असं बघता बघता आम्ही दोघं साठीच्या पार गेलो.

ओरिनोका हे नाव आमच्या देशात दुसऱ्या कुणाचं असेल असं वाटत नाही. तिचे वडील नावाडी. जन्मभर त्यांनी एकाच नदीच्या या काठाची माणसं त्या काठाला सोडली, पण घरात भिंतीवर जगाचा नकाशा होता. मुलगी झाली तेव्हा त्यांनी नकाशावर हात ठेवला आणि दुसऱ्या खंडातली एक नदी बोटाखाली आली. त्यामुळे तिचं नाव कॅलेंडरात नाही. आम्हा बाकीच्यांना एकेक तारीख मिळालेली आहे. त्या तारखेखाली आपलं नाव छापलेलं असतं आणि ज्याला आठवेल तो न बोलावता केक खायला येतो. ज्यांची नावं कुठंच बसली नाहीत, त्या सगळ्यांना मिळून मे महिन्यातली बावीस तारीख. "उरल्यासुरल्यांचा दिवस," असं लोनिया म्हणते. लोनिया आमच्या गावात पत्रं वाटायची. आता पत्रं येत नाहीत, त्यामुळे फक्त बातम्या वाटते.

तर या वर्षी, बावीस तारखेच्या आठवडाभर आधी, मी चिखलात होतो. फळ्यांवर बुटांचा आवाज झाला.

"मास्तर, जिवंत आहात की मुळं फुटली?"

"बघतोय."

"काय म्हणतंय फूल?"

"काही म्हणत नाही."

"मग तुमचं छान जमत असेल," ओरिनोका म्हणाली आणि हातातला पेला पुढे केला. बर्च झाडाच्या खोडातून काढलेलं पाणी होतं, करंटच्या झुडपाच्या पानांसकट आंबवलेलं. ते नाकात झणझणलं. ती पुलावरच उभी राहिली. सहसा ती पेला देऊन जाते.

"उल्विस येतोय बावीसला," ती म्हणाली. उल्विस तिचा आणि तिच्या मागं सोडून गेलेल्या नवऱ्याचा, एल्मार्सचा मुलगा, येल्गावा शहरात असतो. "घराला गिऱ्हाईक मिळालंय म्हणतो. जूनचा सण झाला की लगेच ताबा हवा त्यांना. माझी खोली तयार करून ठेवली आहे त्यानं. पडदेसुद्धा लावले."

मी पेला धरून बसलो होतो. अशा वेळी माणसानं उभं तरी राहावं.

"गेल्या हिवाळ्यात विहिरीपाशी घसरले, ते त्याच्या मनातून जात नाही," ती म्हणाली. "माझ्याही जात नाही. पडल्या पडल्या मी आभाळ बघत होते आणि मनात आलं, आता हाक मारायची तर कुणाला? एल्मार्स गेल्यापासून थंडीत माझ्याशी बोलतो तो रेडिओ. आणि तोही पुण्यवान, माझं ऐकून घेत नाही." ती जराशी हसली. "बावीसला हो की नाही ते सांगते म्हटलंय मी. सगळ्यांसमोर सांगणार, म्हणजे मला माघार घेता येणार नाही."

आता इथं एखाद्या माणसानं काय विचारलं असतं? जाऊ नका म्हटलं असतं. निदान, जावंसं वाटतं का, असं तरी विचारलं असतं. मी चाळीस वर्षं पोरांना लग्नाची गाणी शिकवली. कुणाच्या मनात काय असतं आणि ते दारात उभं राहून कसं मागावं, याच्या हजारभर ओळी मला पाठ आहेत. मी विचारलं,

"पडदे कुठल्या रंगाचे आहेत?"

"राखाडी."

"राखाडी बरा. मळलेला दिसत नाही."

"हो," ती म्हणाली. पेला परत घेतला. पूल ओलांडून गेली आणि पलीकडच्या टोकाला थांबून, मागं न बघता म्हणाली, "तुम्ही मे महिन्यात येता, मास्तर. वर्षाला महिने बारा असतात."

मी त्यानंतर बराच वेळ भिंगातून शेवाळ बघितलं. शेवाळ छान होतं.

घरी येऊन मी ठरवलं, बावीसला बोलायचं. तिचं उत्तर निघायच्या आत. पण नुसतं कसं बोलणार? ज्याला इतक्या वर्षांत एका फुलाचं नाव ठरवता आलं नाही, त्या माणसाच्या शब्दावर बाईमाणसानं घर राखावं तरी कसं? म्हणून आधी फुलाचा निकाल लावायचा, तिच्याच ओढ्यावरची फुलं तिला द्यायची, सांगायचं की ही अमुक अमुक आहे, आणि मग त्याच दमात पुढचंही सांगून टाकायचं. योजना चांगली होती. चांगल्या योजनेत मी नसतो, एवढीच अडचण असते.

बावीसला सकाळी मी पलीकडच्या बाजूनं, गुरांच्या वाटेनं ओढ्यावर गेलो, म्हणजे तिची फुलं चोरताना तिला दिसायला नको. अंगात काळा कोट, पायात रबरी बूट. डास माझी वाटच बघत होते. मी सात फुलं निवडली, लांब देठांची, आणि तागाच्या दोऱ्यानं बांधली. सात मोजून घेतली. जिवंत माणसाला विषम, मेलेल्याला सम. हे आमच्याकडे पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. मीच शिकवलंय कित्येकांना. पुढच्या बाकावरच्या पोरीच्या हातात चार फुलं देऊन विचारायचो, आता हिचं काय झालं? सगळा वर्ग आनंदानं ओरडायचा, मेली.

पूल ओलांडून न्हाणीपाशी आलो. अंगणात उल्विसची गाडी दिसली. घरातून कॉफीचा आणि भाजलेल्या केशराचा वास येत होता. मी कोट झटकला, जुडीकडे एकदा बघितलं, आणि तेवढ्यात मला ते दिसलं.

मधल्या फुलाच्या देठावरची ती दोन तिळासारखी पानं. ना वर, ना खाली.

बघायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं. बजावत असतानाच माझा एक हात भिंग शोधत होता आणि दुसरा जुडीतून ते फूल ओढत होता. डोकं पायाला टेकवलं. देठ वळला. पानं बरोबर वळणावर आली, अगदी मधोमध, आणि देठ मोडला. मी परत पुलापलीकडे धावलो, बूट भरले, त्या फुलाच्या बुंध्याशी पानं मोजली. तीन. पान उलटं केलं. लव होती, पण विरळ, दाढी करताना माझ्या हनुवटीवर राहून जाते तशी. म्हणजे ना ही बहीण, ना ती. दोघींच्या मीलनातून झालेली, दोघींचं थोडं थोडं घेतलेली. इतकी वर्षं मी ज्या दोघींत निवड करत होतो, त्या दोघीही तिथं नव्हत्या.

आनंदानं माझे कान गरम झाले. मोडलेलं फूल रुमालात गुंडाळून छातीच्या खिशात ठेवलं, आणि विजयी वीरासारखा, बुटांतून पचपच आवाज करत घरात शिरलो.

टेबलाशी उल्विस होता, लोनिया होती, आणि लोनियाची भावजय आस्नाते. दोघी माझ्याच गाणाऱ्या बायकांच्या गटातल्या. दारात आलेल्या पाहुण्याला चिडवून गायचं, ही रीत त्यांना मीच जोपासायला लावलेली. त्यांनी ती जोपासली होती.

*मास्तर बसले चिखलात, डोळ्याला लावून काच,*
*फुलाला पुसती नाव-गाव, फुलाला फुटेना वाच.*

ओरिनोका उठून पुढं आली. निळा पोशाख होता, केसांत जुना चांदीचा काटा. मी जुडी पुढे केली. पाठीमागं दुसरं कडवं सुरू झालं होतं.

*दाराशी उभी घरधनीण, ताटात भाकर-मीठ,*
*लांबचं दिसायची काच आणा, मास्तरांना दिसेना...*

गाणं तिथंच थांबलं. आमच्याकडे फुलं बोटांनी कुणी मोजत नाही, पापण्यांनी मोजतात. ओरिनोकाची पापणी मोजून झाली होती. लोनियाची झाली होती. आस्नातेनं कप बशीत ठेवला. मी मात्र हसत उभा होतो. मला वाटलं, भारावल्या.

"मास्तर," उल्विस हळूच म्हणाला. माझाच विद्यार्थी, स्वभावानं मऊ. "ही सहा आहेत."

"काय सहा?"

"फुलं."

"इतकी घाई, मास्तर?" लोनिया म्हणाली. "ती येल्गावाला निघालीय की नाही याचा पत्ता नाही, आणि तुम्ही तिला थेट पुढच्या गावाला पोचवलंत."

मी जुडीकडे बघितलं. मग सगळ्यांकडे. माझ्याजवळ त्या क्षणी काही शहाणपणा असता तर मी म्हटलं असतं, वाटेत एक पडलं. पण माझ्याजवळ होता तो निकाल.

"सातवं आहे," मी म्हणालो. "खिशात." आणि रुमाल काढून टेबलावर, त्या मोठ्या केशरी केकच्या शेजारी उलगडला. देठ दोन तुकड्यांत, फूल उलटं, एक पाकळी वेगळी.

आस्नाते वाकून बघत म्हणाली, "मारून आणलंत."

"का मोडलंत?" ओरिनोकानं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. सहा फुलं अजून तिच्या हातात होती आणि ती ती जरा लांब धरून उभी होती, कुणाचं तरी ओलं पोर धरल्यासारखी.

"मध्य बघायला."

"सापडला?"

"सापडला. निकाल लागला."

मग मी सांगायला लागलो. वर्गातला आवाज आपोआप लागला. तिघी बहिणी, गुळगुळीत पान, लव, तिळाची पानं, मधोमध, तीन. कॉफी निवली. उल्विसनं मध्येच फोन काढून रुमालातल्या फुलाचा फोटो घेतला आणि म्हणाला, "हा म्हणतोय कोबी." मी त्याकडे लक्ष न देता पुढं गेलो. दोघींचं मिश्रण, हे मी तीनदा सांगितलं.

"मग नाव काय तिचं?" ओरिनोकानं विचारलं.

"तसं घरगुती नाव नाही. पुस्तकात दोघी बहिणींच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे."

"म्हणजे यादीत नाही."

"नाही."

"मग आज तिचाही दिवस," ती म्हणाली. केकचा एक तुकडा कापून तिनं रुमालाशेजारी बशीत ठेवला आणि हात पुसला. थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे तुमचं काम संपलं, मास्तर."

"बरं झालं, वेळेत झालं," उल्विस मनापासून म्हणाला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थांब म्हणायला आलेला माणूस, येण्याचं एकुलतं एक निमित्त स्वतःच्या हातानं मोडून, रुमालात बांधून घेऊन आला होता. वर त्यावर भाषणही दिलं होतं.

"संपलं नाही," मी म्हणालो.

"आत्ताच तर निकाल लागला म्हणालात."

"खात्री करावी लागेल. मिश्र असेल तर तिला बी धरत नाही. नुसती मुळांनी पसरते. बोंडं बघावी लागतील, ऑगस्टमध्ये."

"ऑगस्टमध्ये," ओरिनोका म्हणाली.

"आणि एका वर्षाच्या बोंडांवरून काही सांगता येत नाही."

"किती वर्षं लागतील?"

"मी सावकाश काम करतो."

"ते बघितलंय मी," ती म्हणाली. आस्नातेनं तोंडावर हात ठेवला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण उल्विस खरोखरच भला मुलगा आहे. तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "मास्तर, तुम्ही त्याची काळजीच करू नका. नव्या मालकांना मी सांगून ठेवतो. चांगली माणसं आहेत. तुम्हाला वाटेल तेव्हा ओढ्यावर येऊ देतील."

मी त्याच्याकडे बघितलं. पाचवीत असताना त्याला सूर लागायचा नाही म्हणून मी त्याला फक्त ओठ हलवायला सांगितलं होतं. त्याचा सूड त्यानं इतक्या मायेनं घ्यावा.

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. बाहेर खांबावरच्या घरट्यातला करकोचा चोच वाजवत होता. माझ्या बुटांतलं पाणी गार झालं होतं. गाण्यातल्या हजारभर ओळींपैकी एकही मदतीला आली नाही. त्या सगळ्या घोड्यावरून येणाऱ्या पोरांच्या आहेत. रबरी बुटांतून येणाऱ्यांसाठी कुणी काही रचून ठेवलेलं नाही.

"नव्या मालकाच्या ओढ्यावर मला काही दिसणार नाही, उल्विस," मी म्हणालो. "हे फूल मला तिसऱ्याच वर्षी कळलं असतं. जरा नीट बघितलं असतं तर."

"मग नीट का नाही बघितलं?"

"दुसरीकडे लक्ष होतं."

कुणी काही बोललं नाही. लोनियासुद्धा. ही गोष्ट आमच्या गावात सणाइतकी दुर्मीळ आहे.

ओरिनोका खिडकीपाशी गेली होती. आमच्याकडे पाठ होती. "मेमध्ये फूल," ती म्हणाली. "ऑगस्टमध्ये बोंडं. ते झालं. जानेवारीत काय बघणार?"

"मुळं," मी म्हणालो.

"बर्फाखाली?"

"बर्फ उपसावा लागेल. आधी दारासमोरचा. मग विहिरीच्या वाटेवरचा. ओढ्यापर्यंत पोचायला मार्च लागेल असं वाटतं."

तिचे खांदे हलले. ती हसत होती की काय, ते पाठीवरून कळेना. पाठमोऱ्या माणसाला ओळखायच्या खुणा माझ्या पुस्तकात नाहीत.

मग ती वळली. जुडीचा दोरा सोडला. पाण्याच्या पेल्यात एकेक फूल ठेवलं, आणि पाच ठेवून थांबली. सहावं घेऊन माझ्याजवळ आली. कोटाच्या काजात खोवायला गेली, तर तिथं भिंगाची दोरी आडवी आली. तिनं दोरी धरून भिंग पाठीमागं टाकलं, गाईच्या गळ्यातली घंटा सरकवावी तसं, आणि फूल खोवलं.

"माझी पाच, तुझं एक," ती म्हणाली. "दोघंही जिवंत."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती मला अरे-तुरे बोलली होती. मी ते ऐकलं, आणि उत्तरादाखल काय केलं, तर मान खाली घालून काजातल्या देठावरची पानं कुठं आहेत ते बघितलं. सवय.

"उल्विस," ती टेबलाकडे वळून म्हणाली, "मी सगळ्यांसमोर उत्तर देणार होते. त्या लोकांना सांग, घर विकायचं नाही."

उल्विस म्हणाला, "आणि पुन्हा पडलीस तर, आई?"

"तर हाक मारीन. ऐकायला कुणीतरी असेल म्हणतायत ना." तिनं माझ्याकडे बघितलं. "की तेही पुढच्या वर्षी बघू?"

"आजपासून," मी म्हणालो.

"शाळेत तुम्ही रोज उशिरा यायचात, मास्तर," उल्विस म्हणाला. पण त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या ताटात केक वाढला, खारं मांस भरलेल्या गरम पावांची परात माझ्याकडे सरकवली, आणि म्हणाला, "ते राखाडी पडदे मलाही आवडले नव्हते. बायकोनं आणले." मग आस्नातेनं घसा खाकरला आणि राहिलेली ओळ पुरी केली. लोनियाला शेवटचा शब्द बदलायचा होता, तर म्हणे यमक जुळेना, म्हणून तिनं मला मदतीला घेतलं. स्वतःला चिडवायच्या गाण्याचं यमक मीच जुळवून दिलं.

ऑगस्टमध्ये मी बोंडं बघितली. आता पलीकडून, गुरांच्या वाटेनं यायची गरज नव्हती. न्हाणीच्या पायरीवर बूट काढलेले असतात, ते घालायचे आणि जायचं. ओढा आटून बोटभर राहिला होता. वाळुंजांखाली पानं मोठी झाली होती, तळहाताएवढी, आणि त्यांच्या सावलीत जी काही बोंडं आली होती ती मी एकेक करून नखानं उघडली. सगळी पोकळ. आतल्या बिया धरायच्या आधीच सुकून कोंडा झालेल्या. इतका स्वच्छ पुरावा मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा मिळाला नाही.

ओरिनोका फळ्यांवर उभी होती, हातात काकड्यांची टोपली. "काय म्हणतायत?"

"पोकळ आहेत," मी म्हणालो. "पण एका बोंडात काहीतरी काळं दिसलं."

"बी?"

"मुंगी असावी. सांगता येत नाही. पुढच्या वर्षी परत बघावं लागेल."

ती खाली वाकली, माझ्या गळ्यातलं भिंग उचललं, त्यावर फुंकर घातली आणि पदराला पुसावं तसं पुढच्या एप्रनला पुसून परत माझ्या छातीवर सोडलं.

"चल," ती म्हणाली. "बटाटे काढायचेत. तिथं मध्य शोधत बसू नकोस."